तीन झाडं मागे

१

ज्या कुणा भल्या माणसाने तो हिरवा चष्मा गावाला दान दिला होता, त्याचं नाव प्रयोंगला ठाऊक नव्हतं. पण रोज रात्री मचाणावर चढून बसलं की तो त्या अनामिकाला मनातल्या मनात हात जोडत असे. दान देणारा माहीत नसला की कृतज्ञ राहणं सोपं जातं, हे जिल्हा कचेरीत तीस वर्षं टंकलेखन केल्यावर त्याच्या ध्यानात आलं होतं. माहीत असलेल्या दात्याच्या सभेला जावं लागतं.

चष्मा आपला म्हणायचा. खरं तर डोक्याला पट्ट्याने आवळायचं ते एक धूड होतं आणि डोळ्यांपुढे दोन आखूड नळकांडी. बटण दाबलं की बारीक कुईं असा आवाज व्हायचा आणि अंधार हिरवा होऊन उजळायचा. चांदण्यांचा चिमूटभर उजेड गोळा करून हे यंत्र त्याचा घडाभर करतं, असं शिकवायला आलेला अधिकारी म्हणाला होता. प्रयोंगला ती तुलना आवडली होती. कचेरीत याच्या उलट चाले.

थायलंडात चंथाबुरीच्या डोंगरकडेला ख्लोंग साय गावाची रबराची झाडं संपतात, तिथे ओढा आहे, ओढ्यापलीकडे जंगल. त्या गावात रात्री हत्तीला हत्ती म्हणत नाहीत. 'थोरले' म्हणतात. थोरले फणसासाठी येतात, पण वाटेत रबराचे मळे लागतात, आणि रबराचा चीक थंडाव्यातच वाहतो म्हणून झाडं कापायची, म्हणजे सालीला चीर द्यायची, ती रात्री एक ते पहाटे. म्हणजे ज्या वेळी थोरले चालतात, त्याच वेळी माणसं डोक्याला दिवा बांधून एकेकटी झाडामागून झाड हिंडत असतात.

गेल्या पावसाळ्यात तिअम नावाचा शेजारी असाच दिव्याच्या उजेडात पुढच्या झाडापाशी गेला. ते झाड नव्हतं.

त्यानंतर गावाने राखण मंडळ केलं, उतारावर मचाण बांधलं, आणि चष्मा आला. प्रयोंगचा डावा गुडघा कामातून गेलेला होता, त्यामुळे त्याच्या मळ्यातली चारशे झाडं त्याची बायको वन्ना कापायची. तो वर बसून थोरल्यांवर नजर ठेवायचा. गावाचं रक्षण करतो, असं तो सांगे. रक्षण त्याला एकाच माणसाचं करायचं होतं.

२

मचाणावर त्याच्या जोडीला सकदा असे. चाळिशीचा, अंगाने भरलेला, सैन्यात दोन वर्षं काढून आलेला. ती दोन्ही वर्षं त्याने भटारखान्यात काढली होती; पण चष्म्याविषयी बोलायला लागला की वाटावं, याने सरहद्दीवर रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत.

"लुंग, तो चष्मा थोरल्यांसाठी दिलाय," सकदा म्हणे. लुंग म्हणजे काका, पा म्हणजे मावशी. "तुम्ही आपले सारखे पा वन्नाकडेच बघताय."

"थोरले आले तर तिकडूनच येणार."

"सगळे नवरे असंच म्हणतात."

"तुझी कुठे आहे बघायला?"

"माझी घरी झोपलीय. तिच्यावर पाळत ठेवायला यंत्र नाही लागत, घोरणं इथवर ऐकू येतं."

चष्म्याला मर्यादाही होत्या, आणि महिन्याभरात प्रयोंगला त्या पाठ झाल्या. त्यातून बघणं म्हणजे दोन बांबूंच्या पोकळीतून बघणं; कडेला काय आहे ते कळायचं नाही, मान वळवावी लागायची. अंतर कळायचं नाही. दहा हातांवरचं झुडूप आणि शंभर हातांवरचं झाड एकाच कागदावर चितारल्यासारखी शेजारीशेजारी बसायची. दाट पानांमागे काहीच दिसत नसे. धुक्यात तर नावच नको. जिथे गोळा करायलाही उजेड नसेल, तिथे चष्मा नुसते हिरवे कण नाचवायचा, उधाणलेल्या वाळवीसारखे. आणि उजेड फार झाला तरी वांधा. सकदाने विडी पेटवली की सूर्य उगवायचा.

वन्नाच्या डोक्यावरचा दिवाही असाच. चष्म्यातून तो भलाथोरला पांढरा गोळा दिसे, आणि गोळ्याच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नसे. वन्नाही नाही. दिसायचा तो गोळा आणि तिच्या कमरेला मागे बांधलेल्या डब्यातल्या डासांच्या कॉइलचा इवलासा निखारा. ती झाडापाशी थांबली की प्रयोंग आकडे मोजी. अकराव्या आकड्याला साल तासून होई, गोळा हले, पुढच्या झाडाशी थांबे. पुन्हा अकरा.

बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

३

डिसेंबरातली गोष्ट. थंडी पडली होती, डास मात्र कमी झाले नव्हते. अडीच वाजले असावेत. वन्ना मधल्या ओळीत होती. प्रयोंगने अकरा मोजले, गोळा हलला, आणि गोळ्याच्या मागे, तीन झाडं सोडून, आणखी काहीतरी हललं.

गोळा थांबला. तेही थांबलं.

उभं होतं. माणसाएवढं म्हणावं, तर अंतर न कळणाऱ्या त्या यंत्रात माणसाएवढं म्हणजे केवढं? त्याने चष्मा कपाळावर सरकवला. नुसत्या डोळ्यांना खाली पिवळा ठिपका तेवढा दिसला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. होतं.

तीस वर्षं सरकारी कागद टंकलेला माणूस घाईने निष्कर्ष काढत नाही. प्रयोंगने आधी काचेवर संशय घेतला. दिव्याची सावली काचेत उमटते, हे अधिकाऱ्याने सांगितलंच होतं. पण काचेतली सावली मान हलवली की हलते. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ते जिथल्या तिथे. मग चोरावर संशय घेतला. पण चीक वाट्यांत साठायला पहाट व्हावी लागते, आणि रिकाम्या वाट्या चोरायला गावात इतकं दारिद्र्य नव्हतं. मग स्वतःच्या डोळ्यांवर. अठ्ठावन्न वय म्हणजे डोळ्यांवर संशय घ्यायला उत्तम वय.

एक गोष्ट मात्र कशात बसेना. त्याच्याजवळ निखारा नव्हता. ओढ्याकाठच्या त्या डासांत कॉइलशिवाय उभा राहणारा माणूस ख्लोंग सायमध्ये जन्मलेला नाही.

गोळा हलला. ते हललं. अकरा आकडे दोघंही थांबले.

"काय, लुंग?" सकदाने विचारलं. "थोरले?"

"नाही," प्रयोंग म्हणाला. हाक मारावी तर हाकेने थोरले बिथरतात. फोन त्या खोलगट भागात लागत नसे. तो आकडे मोजत बसून राहिला. साडेचार वाजता गोळा मळ्याबाहेर आला, मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. मागोमाग कुणी बाहेर आलं नाही.

४

घरी गेला तर वन्नाने पला थू तळून ठेवला होता. बांगड्याचाच भाऊ, पण आज त्याचे काटे काढलेले होते. बत्तीस वर्षांत प्रयोंगने आपल्या माशाचे काटे आपणच काढले होते.

"बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? जेवा, पी." पी म्हणजे दादा; ख्लोंग सायमध्ये बायका नवऱ्यालाही अशीच हाक मारतात.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या गुडघ्याला बाम चोळून दिला. तिसऱ्या दिवशी मचाणावर न्यायला गरम कॉफीचा थर्मास भरून दिला आणि वर म्हणाली, "सकदाला सगळी पाजू नका." चौथ्या दिवशी तिने काही कारण नसताना त्याच्याकडे हसून बघितलं.

प्रयोंगला हे सुखाचं वाटलं आणि धडकीही भरली. बायको कशासाठी तरी ऋणी झाली होती, आणि आपण काय उपकार केला ते त्याला आठवत नव्हतं. पण विचारायचं कशाला? कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं काम आपलं समजून साहेबाने पाठ थोपटली, तर पाठ पुढे करावी, एवढं शहाणपण त्याला होतं.

तो खाली मान घालून मासा खात राहिला. स्वयंपाकघरात पाल चुकचुकत होती. भिंतीवरच्या घड्याळाखाली वन्नाचा दिवा खुंटीला टांगलेला होता, विझलेला, आणि त्याच्याकडे बघताना प्रयोंगला उगीच वाटलं की त्याच्या मागे भिंतीवर आणखी कुणाची सावली असायला हवी.

५

तो दिवसाउजेडी मळ्यात गेला. मचाणावरून दिसे ती ओळ शोधून काढली, तिसरं झाड शोधलं. खुंट नव्हता, वारूळ नव्हतं, कुणी विसरलेला सदरा फांदीला नव्हता. ओलसर मातीत वन्नाच्या गमबुटांचे ठसे होते, जाणारे आणि येणारे. दुसरे नव्हते. त्याला बरं वाटायला हवं होतं.

रात्री ते पुन्हा होतं. तीन झाडं मागे. वन्ना ओळ संपवून वळली की ते एका बाजूला होऊन तिला जाऊ देई आणि पुन्हा मागे लागे. आणि या शिष्टाचाराने प्रयोंगच्या अंगावर काटा आला. जनावर असं वागत नाही. भूतही वागत नसावं. भुतांबद्दल प्रयोंगची माहिती अपुरी होती.

तिअम? तिअम ठेंगणा होता, आणि उभ्या आयुष्यात कुणाच्या मागून चालला नव्हता. लग्नाच्या वरातीतही नवऱ्याच्या पुढे.

आठव्या रात्री ते दोन झाडं मागे आलं.

त्याने चष्मा काढून सकदाच्या हातात दिला. "बघ. काय दिसतं ते सांग. मी काही सांगत नाही."

सकदाने नळकांडी डोळ्यांना लावली, विडीवाला हात लांब धरला. "पा वन्ना दिसतेय. म्हणजे तिचा गोळा दिसतोय." थोडा वेळ गेला. "मावशीने हाताखाली माणूस ठेवलाय होय? सांगितलं नाहीत. कोण आहे? चांगला उंच आहे."

प्रयोंगने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"लुंग?"

"माणूस ठेवलेला नाही."

सकदा आणखी काही वेळ बघत होता. मग त्याने चष्मा फार हळू, अंडी ठेवावीत तसा, फळीवर ठेवला. त्या रात्री त्याने विडी पेटवली नाही, आणि त्यानंतर चष्मा मागितला नाही. "माझे डोळे खराब आहेत," तो म्हणे. "भटारखान्यात धूर फार होता." भटारखान्याचं सत्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते तेव्हाच.

६

"चार दिवस कापू नकोस," प्रयोंगने सकाळी सांगून पाहिलं.

वन्ना अंगणात चीक गोठवून लाटलेले रबराचे पत्रे वाळत घालत होती. "का?"

"थोरल्यांची हालचाल आहे."

"कधी नसते? पानगळ लागली की दोन महिने झाडं बंदच ठेवायची आहेत. आत्ता नाही कापायचं तर कधी?" तिने पत्रा झटकला. "आणि आता मला भीती नाही वाटत. पहिले सहा महिने वाटायची. तिअम गेल्यावर प्रत्येक झाडाला आधी हात लावून बघायची, झाडच आहे ना म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही वर बसून काय करणार होतात?"

"मग आता का नाही वाटत?"

ती पाठमोरीच होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्याचं त्याला दिसलं.

"आता तोंडाने वदवून घ्या म्हणजे झालं. सकदाला वर बसवून मागून येता ते कळत नाही का मला? पहिल्या दिवशी वाटलं ओरडावं, मंडळाचं काम सोडून बायकोच्या मागे फिरता म्हणून. मग म्हटलं, राहू दे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सुचलंय." तिने दुसरा पत्रा उचलला. "एक मात्र आहे हं, पी. घरात पायरी चढताना 'आई गं, आई गं' करता, आणि रात्री किती छान चालता! पाय ओढल्याचा आवाजसुद्धा नाही."

प्रयोंगच्या हातात बादली होती. ती त्याने खाली ठेवली. ठेवल्याचा आवाज त्याला फार लांबून आल्यासारखा वाटला.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण सांगितलं तर आज रात्री ती प्रत्येक झाडाला हात लावत फिरेल, भेदरून, साल तासायची वाकडी सुरी हातात घेऊन. न सांगितलं तर ती जे मागे घेऊन निर्धास्त चालते आहे, ते उद्या एकच झाड मागे असेल, परवा गोळ्याच्या आत. आणि गोळ्याच्या आतलं त्याला दिसत नाही. त्यात, खोटं कशाला बोला, त्या लाल कानांसाठी आणखी एक दिवस गप्प राहावंसंही त्याला वाटलं.

"उद्या बोलू," तो म्हणाला.

"काय बोलायचंय त्यात?" वन्ना म्हणाली.

७

त्या रात्री ओढ्यावरून धुकं उठलं. एक वाजता कमरेइतकं होतं, दोन वाजता मळा भरून गेला. वर चंद्र होता, पण चष्म्यात हिरव्या दुधाखेरीज काही नव्हतं. दुधात एक डाग. वन्ना. अकरा आकडे, मग डाग पुढे. मागे कोण, किती झाडांवर, काही कळत नव्हतं. प्रयोंगला त्याचा राग आला आणि मग लक्षात आलं, आपण चक्क त्याला शोधतो आहोत.

मंडळाची आणखी एक चौकी ओढ्याकाठी होती; सव्वादोनला तिथला आवाज वायरलेसवर आला, दबलेला. "तीन थोरले ओढा उतरून अलीकडे आलेत. धुक्यात हरवले. कुठे गेले माहीत नाही."

सकदाने फटाक्याला हात घातला. प्रयोंगने तो धरला. "कुठल्या बाजूला लावणार?"

तिअमनंतर मंडळाने केलेला नियम होता: थोरले कुठे आहेत ते ठाऊक नसेल तर फटाका लावायचा नाही. नाहीतर बिथरून नेमके माणसाच्या अंगावर जातात.

"मग काय करायचं?"

डाग ओढ्याच्या दिशेने सरकत होता. प्रयोंग शिडीवरून उतरू लागला.

"लुंग, गुडघा!"

"वर बस आणि गप्प बस."

त्या उतारावर त्याला चष्म्याच्या सगळ्या मर्यादा अंगाने कळल्या. सपाट दिसलेल्या जागी चर निघाला. लांब वाटलेलं खोड कपाळावर आदळलं. चिकाची एक वाटी गुडघ्याला लागून खडखडली, तेव्हा तो खोडाला मिठी मारून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. बेडूकसुद्धा ओरडत नव्हते. धुक्यात कुठेतरी पोटातल्या पोटात घुमल्यासारखा एक आवाज झाला, इतका खालचा की तो कानांपेक्षा छातीला लागला. कुठून ते सांगता येईना. सगळीकडून.

ओळीच्या टोकाशी तो पोचला तेव्हा तिथे धुकं विरळ होतं आणि डाग पुन्हा गोळा झाला होता, वीसपंचवीस झाडांवर. गोळा थांबलेला होता. त्याने मोजले. अकरा. बारा. वीस. गोळा हलेना. मग गोळ्याच्या कडेला त्याला ते दिसलं. आज ते मागे नव्हतं. ते तिच्या पुढ्यात होतं, वाट अडवून, एक हात वर केलेला.

दिवा विझला.

आणि मग, दिवा विझला म्हणून, आजवर त्या गोळ्याने जे झाकून ठेवलं होतं ते चष्म्याने एकदम दाखवलं. वन्ना उभी होती, सुरी छातीशी धरून. तिच्या पुढे चार पावलांवर ते, तिच्याकडे तोंड करून. आणि त्याच्या पाठीमागे झाडांच्या मधली जी काळी जागा होती, ती जागा नव्हती. तिला कान होते. एक हलला. शेजारच्या दोन ओळींमधली जागाही जागा नव्हती. अगदी पुढच्या थोरल्याची सोंड उंचावलेली होती, वास घेत, आणि त्या उभ्या असलेल्याच्या खांद्यावर जवळजवळ टेकलेली.

वन्ना मागे सरकू लागली. शिकवलं होतं तसं: दिवा बंद, पाठ न फिरवता, मध्ये झाडं ठेवत. एक झाड. दुसरं. ते जागचं हललं नाही. हात वर तसाच. थोरल्यांपैकीही कुणी पाऊल टाकलं नाही.

ती चांगली लांब आल्यावर त्याने मान वळवली. तिच्याकडे नाही. प्रयोंगकडे. त्याच्या चेहऱ्याच्या जागी हिरवे कण नाचत होते. गोळा करायला उजेडच नसतो, तिथे नाचतात तसे.

वन्नाची पाठ प्रयोंगच्या छातीला लागली. ती किंचाळली नाही. मागे हात करून तिने त्याचा सदरा चाचपला, आणि कुजबुजली, "एवढ्यात मागे कसे आलात?"

"चालत," प्रयोंग म्हणाला.

८

सकाळी तिने आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, आणि चटईवर बसलेल्या प्रयोंगपुढे गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जमिनीला लावलं. हे तिने लग्नात भिक्षूंपुढे केलं होतं. त्याच्यापुढे कधीच नाही.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं श्रेय खिशात घालायलाही एक हद्द असते.

"वन्ना, ऊठ. तो मी नव्हतो."

ती तशीच राहिली. मग हळूहळू सरळ झाली. प्रयोंगने तिला सगळं सांगितलं: डिसेंबरातली ती रात्र, तीन झाडं, दोन झाडं, सकदाचे धुराने गेलेले डोळे. आपण गप्प राहिलो तेही सांगितलं. फक्त चेहऱ्याचं सांगितलं नाही.

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

"इतके दिवस मी त्याच्याशी बोलत होते," वन्ना म्हणाली.

"काय बोललीस?"

"तुमच्याबद्दल. घरात बोलता येत नाही ते."

"आणि तो?"

"तो काही बोलायचा नाही. मला वाटलं, चला, सुधारले."

प्रयोंगला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. त्याने तिचे हात हातात घेतले. रबराच्या चिकाने काळी पडलेली, चिरा गेलेली बोटं होती. तिच्या प्रत्येक झाडाचे अकरा आकडे त्याने मोजले होते, आणि ही बोटं कधी बघितली नव्हती.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "पण पी, त्याने मला परत पाठवलं. हातसुद्धा लावला नाही. आता त्यालाच भ्यायचं म्हणजे माणुसकी नव्हे."

"तो माणूस..."

"मी माझ्या माणुसकीचं म्हणतेय," वन्ना म्हणाली.

९

दोन रात्री झाडांना विश्रांती दिली. तिसऱ्या रात्री ती निघाली तेव्हा प्रयोंगने चष्मा सकदाच्या गळ्यात अडकवला. सकदाने कुरकुर केली, मग डोळे मिटून तो डोक्यावर चढवला. "थोरल्यांकडेच बघेन हं, लुंग," त्याने बजावलं. "बाकी काही मी बघणार नाही. दिसलं तरी नाही."

प्रयोंग काठी टेकत बायकोच्या मागे चालू लागला. खालून मळा वेगळाच दिसत होता. हिरवा नव्हता, काळा होता, आणि त्यात वन्नाच्या दिव्याचं पिवळं वर्तुळ. वर्तुळात साल तासणारा हात, पांढऱ्या चिकाची धार, वाटीत पडणारा पहिला थेंब. वरून इतके दिवस ज्या गोळ्यात काही दिसत नव्हतं, त्या गोळ्यात हे होतं. त्याला फार बरं वाटलं. कुणाचे आभार मानायचे ते मात्र कळेना. चष्मेवाल्या अनामिकाचे तर होतेच, पण तेवढ्याने भागत नव्हतं.

गुडघा दुखत होता. पाऊल, ओढ, काठी. पाऊल, ओढ, काठी.

सातव्या झाडाशी वन्नाने सुरी थांबवली. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"पी, तुमचा पाय ऐकू येतोय."

"येणारच. सांगितलं ना, मीच आहे."

"ते कळलं," ती म्हणाली. "दुसरा कुणाचा?"

प्रयोंग उभा राहिला. त्याची काठी टेकलेली होती, पाय थांबलेले होते. त्याच्या पाठीमागे, तीन झाडं असावीत, ओल्या पाचोळ्यावर एक पाऊल पडलं आणि थांबलं.

वळून पाहायला चष्मा नव्हता, आणि तो नाही याबद्दल त्या क्षणी त्याने सगळ्या देवांचे आभार मानले.

"जेवलेत का विचारा," वन्ना म्हणाली. आवाज बारीक होता, पण घरी आलेल्याला विचारतात तसाच. ख्लोंग सायमध्ये येणाऱ्याला पहिल्यांदा हेच विचारतात. "इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही त्यांना."

काठी काखेत धरून प्रयोंगने हात जोडले, वडीलधाऱ्यांना जोडतात तितके वर, कपाळापर्यंत, आणि मान न वळवता, अंधारात, शक्य तितक्या अदबीने विचारलं, "जेवलात का?"

काही ऐकू आलं नाही. पानावरून दव गळालं. लांब मचाणावर सकदा खोकला. प्रयोंग कान देऊन उभा होता, आणि त्याला काहीही, काहीही ऐकू आलं नाही.

पुढे दिव्याच्या वर्तुळात वन्नाने मान किंचित तिरकी केली, नीट ऐकून घ्यावं तशी. मग सुरी पुन्हा झाडाला लावली.

"नाही म्हणतात," ती म्हणाली. "उद्यापासून भात जास्त टाकते."